जुनी प्रत कोठे आहे?

देहूच्या माणसाला प्रती जपण्याचे महत्त्व वेगळे शिकवावे लागत नाही. तुकोबांच्या वह्या इंद्रायणीत बुडवल्याची कथा येथे पाळण्यातच कानी पडते. १८६९ साली इंदुप्रकाश छापखान्यातून शंकर पांडुरंग पंडितांनी गाथा काढली, तीही देहू, तळेगाव, पंढरपूर येथील हस्तलिखिते एकमेकांशी ताडून पाहूनच.

वेबसाइट हेही शेवटी लिखाणच. पण ती करणाऱ्या लहान कंपन्यांना हा धडा उशिरा उमगला. १५ ऑगस्ट १९९५ ला विदेश संचार निगमने इंटरनेट सर्वांना खुले केले, आणि पुढे दोन खोल्या, तीन संगणक एवढ्यावर धंदे उभे राहिले. बदल थेट चालू सर्व्हरवर करावयाचा, फायलीला 'नवी', मग 'नवी शेवटची' असे नाव द्यावयाचे, ही रीत! प्रत्येक बदल तारखेसह नोंदणारी साधने तेव्हाही होती. पण शिकायला सवड कोणाला? शिवाय गिऱ्हाईक पैसे देई ते वेबसाइटीचे, तपासणीचे नव्हे.

माझ्या एका विद्यार्थ्याने अशीच कंपनी काढली. एका शनिवारी रात्री चाकणच्या एका कारखानदाराचे दरपत्रक दुरुस्त करताना सारी यादीच पुसली गेली. जुनी प्रत? नव्हती. चौघांनी रविवारभर बसून छापील कागदांवरून ती पुन्हा भरली. सोमवारी त्याने गिट बसवले. लिनस टॉरवाल्ड्स यांनी २००५ साली केलेले हे फुकटचे साधन तोवर त्याला मोठ्या कंपन्यांचे चोचले वाटत असे. एकाचा कोड दुसऱ्याने वाचल्याखेरीज आता तो सर्व्हरवर चढवीत नाही. तपासणीचे पैसे गिऱ्हाईक अजूनही देत नाही. ते तो मूळ बिलातच मिसळतो, असे चहा पिताना त्याने मला जरा ओशाळूनच सांगितले.