वंगीस थेर आणि सभेतील काव्य

एकांतात रचना करणाऱ्या कवीस चुकलेला शब्द खोडता येतो. सभेसमोर उभे राहून रचना करणाऱ्यास ती सवलत नसते. पालि वाङ्मयात अशा सभाकवीचे ठळक चित्र वंगीस थेरांच्या रूपाने आढळते. बौद्ध धम्म कलेला प्रतिकूल आहे, असा समज अनेकांनी करून घेतला आहे. म्हणून त्या चित्राकडे आम्ही वाचकांचे लक्ष वेधू इच्छितो.

अंगुत्तर निकायात कवींचे चार प्रकार सांगितले आहेत: चिंतन करून रचणारा, ऐकून रचणारा, अर्थास धरून रचणारा आणि ज्यास तत्क्षणी स्फुरते असा. या चौथ्यास ‘पटिभानकवि’ म्हणतात. पटिभान असलेल्या भिक्खूंमध्ये भगवंतांनी वंगीसांनाच अग्रस्थान दिले.

संयुत्त निकायातील वंगीस संयुत्तात १२ सुत्ते आहेत. त्यांपैकी एका सुत्तातील प्रसंग असा. सावत्थीच्या जेतवनात १२५० भिक्खूंसमोर निब्बाणविषयक देशना चालली होती. वंगीस उठले, चीवर एका खांद्यावर घेऊन त्यांनी हात जोडले व आपणास काही स्फुरत असल्याचे निवेदन केले. अनुमती मिळताच त्यांनी गाथा म्हटल्या. तेव्हा भगवंतांनी विचारले की, या गाथा आधी योजून ठेवल्या होत्या, की जागच्या जागी स्फुरल्या? जागच्या जागी, असे वंगीस उत्तरले. तर मग पूर्वी न योजलेल्या आणखी गाथा स्फुरू देत, असे भगवंत म्हणाले. वंगीसांनी त्याच सभेत नव्या गाथा रचल्या.

या प्रश्नामागील कारण अट्ठकथा सांगते. वंगीस अध्ययन सोडून नुसत्या गाथा रचीत फिरतात, अशी कुजबूज संघात चालली होती. भगवंतांनी त्यांची बाजू मांडणारे भाषण केले नाही. ज्यांना शंका होती त्यांच्याच देखत रचना करावयास लावली. संशयाचे निराकरण कृतीनेच झाले.

मात्र पटिभानाबरोबर अहंकारही येतो. आळवी येथे असताना वंगीस आपल्या प्रतिभेच्या मदाने इतर सुशील भिक्खूंना तुच्छ लेखू लागले. हा दोष त्यांच्या स्वतःच्याच ध्यानी आला आणि त्यांनी स्वतःलाच उद्देशून गाथा रचल्या. सभा जिंकणाऱ्या कवीने स्वतःचीच झडती घेतल्याचे असे उदाहरण विरळाच.

याच्या जोडीला राजगृहाच्या वेळुवनात आलेल्या नटप्रमुख तालपुटाचा प्रसंग ठेवावा. रंगमंचावर लोकांना हसविणारा नट मरणोत्तर देवलोकी जातो काय, असे त्याने विचारले. भगवंतांनी दोनदा उत्तर टाळले. तिसऱ्यांदा त्यांनी सांगितले की, लोक आधीच राग, द्वेष व मोह यांनी बांधलेले असतात. ते विकार वाढविणारा नट स्वतः प्रमत्त होतो व इतरांनाही प्रमत्त करतो. तालपुट रडला, पुढे प्रव्रज्या घेऊन अर्हत झाला. त्याच्याही गाथा थेरगाथेत संग्रहित आहेत.

दोन्ही प्रसंग एकत्र वाचल्यास सभेतील कला त्याज्य ठरत नाही. तिने श्रोत्यांच्या व स्वतःच्या मनात काय वाढविले, हे तपासले जाते. आंबेडकरी जलशांचा वारसा आम्हांस लाभला आहे. निरक्षर श्रोत्यापर्यंतही विचार पोहोचविणारे ते व्यासपीठ होते. आजही त्या व्यासपीठावर उभे राहणाऱ्या शाहिराने, टाळ्यांचा आवाज विरल्यानंतर, वंगीसांप्रमाणे स्वतःच्या मनाकडे वळून पाहावे, एवढेच आमचे सांगणे आहे.