‘ज्ञानोदय’ आणि मराठी ख्रिस्ती विचार

‘ज्ञानोदय’ हे नियतकालिक जून 1842 मध्ये अहमदनगर (आजचे अहिल्यानगर) येथे अमेरिकन मराठी मिशनने सुरू केले. हेन्री बॅलन्टाइन त्याचे संपादक होते. मासिक म्हणून निघालेल्या या पत्राचे बिऱ्हाड पुढे मुंबईला हलले. त्या काळी मराठी प्रॉटेस्टंट ख्रिस्ती माणसे मोजकीच होती. त्यामुळे पत्र काढले ते प्रामुख्याने हिंदू वाचकांना गाठण्यासाठी. धर्मोपदेशाच्या जोडीला भूगोल, खगोल, यंत्रे यांवरही मजकूर येई. पृथ्वीचा खरा आकार समजला की पुराणांवरचा विश्वास आपोआप ढळेल, असा मिशनऱ्यांचा हिशेब होता.

त्यासाठीची छपाईची सोय आधीच झाली होती. श्रीरामपूरच्या मिशनने 1811 मध्ये नव्या कराराचे मराठी भाषांतर छापले, तेही मोडी लिपीत. अमेरिकन मिशनऱ्यांचे पहिले पथक 1813 मध्ये मुंबईत उतरले आणि त्यांनी तेथे छापखाना उभारला. याच छापखान्यात टॉमस ग्रॅहमच्या हाताखाली जावजी दादाजींनी अक्षरकलेचे धडे घेतले. त्यांच्या निर्णयसागर छापखान्यातून पुढे संस्कृत धर्मग्रंथांच्या देखण्या आवृत्त्या निघाल्या. मिशनच्या हिशेबात हे फळ नक्कीच नव्हते.

वाद ‘ज्ञानोदय’च्या जन्माआधीच पेटले होते. स्कॉटिश मिशनरी जॉन विल्सन यांच्याशी झालेल्या शास्त्रचर्चेनंतर मोरभट दांडेकरांनी 1831 मध्ये ‘हिंदुधर्मस्थापना’ हे पुस्तक काढले. पुढे 1843 मध्ये नारायण शेषाद्री या ब्राह्मण तरुणाने बाप्तिस्मा घेतला. त्याचा धाकटा भाऊ श्रीपत स्कॉटिश मिशनच्या आश्रयाला राहिला होता, पण न्यायालयाने त्याला वडिलांच्या हवाली केले. मुलाचा बाप्तिस्मा झाला नव्हता. मात्र तो ख्रिस्ती लोकांच्या पंगतीत जेवला होता. प्रायश्चित्त देऊन त्याला जातीत परत घ्यावे की नाही, यावर शास्त्रीमंडळींत दुफळी झाली. ‘दर्पण’कार बाळशास्त्री जांभेकर त्याच्या शुद्धीच्या बाजूने उभे राहिले, म्हणून त्यांनाही रोष पत्करावा लागला. मुलाला स्वतःला काय वाटते, ही बाब या साऱ्या गदारोळात मागेच पडली. नारायण शेषाद्रींनी पुढे जालन्याजवळ बेथेल ही ख्रिस्ती वसाहत वसवली.

1857 मध्ये विष्णुबुवा ब्रह्मचारी यांनी मुंबईच्या समुद्रकिनारी मिशनऱ्यांशी जाहीर वाद घातला आणि ख्रिस्ती सिद्धांतांची उलटतपासणी सुरू केली. हिंदू शास्त्रांना लावलेली बुद्धीची कसोटी बायबललाही लागू होते, हे आता मिशनऱ्यांना ऐकून घ्यावे लागले.

‘ज्ञानोदय’ने छापलेला सर्वांत मोलाचा मजकूर मात्र मिशनऱ्याचा नाही, ख्रिस्ती लेखकाचाही नाही. जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांच्या पुण्यातील शाळेत शिकणारी मुक्ता साळवे ही मांग जातीची किशोरवयीन मुलगी. तिचा मांग-महारांच्या दुःखाविषयीचा निबंध 15 फेब्रुवारी आणि 1 मार्च 1855 च्या अंकांत दोन भागांत आला. तिची तर्कपद्धती साधी आणि बिनतोड आहे: वेद जर ब्राह्मणांचेच असतील, आम्ही ते पाहणेही पाप असेल, तर आम्ही ग्रंथावाचून, म्हणजेच धर्मावाचून राहिलो, मग आमचा धर्म कोणता, हे देवानेच सांगावे. इमारतींच्या पायात तेल-शेंदूर पाजून पुरल्या जाणाऱ्या माणसांची आठवणही ती देते. मिशनच्या पत्राला हा मजकूर सोयीचा होता, हे उघड आहे. तरी त्यात धर्मांतराची मागणी नाही, ज्ञानाची आहे.

नैतिक प्रश्नांत विधवांचा प्रश्न अग्रभागी होता. विधवाविवाहाचा कायदा 1856 मध्ये झाला आणि दुसऱ्याच वर्षी बाबा पदमनजी यांची ‘यमुनापर्यटन’ ही कादंबरी प्रसिद्ध झाली. बेळगावात जन्मलेल्या पदमनजींनी 1854 मध्ये बाप्तिस्मा घेतला होता. नायिका यमुना नवऱ्याबरोबर गावोगाव हिंडते, विधवांचे हाल डोळ्यांनी पाहते आणि अखेर तीच विधवा होते. नंतर ती ख्रिस्ती होऊन पुनर्विवाह करते. उपदेश जागोजागी डोकावतो. पण केशवपनाची आणि कोंडमाऱ्याची वर्णने आजही वाचकाला अस्वस्थ करतात. पदमनजींनी काही काळ ‘ज्ञानोदय’चे संपादनही केले.

ख्रिस्ती मंडळी वाढू लागली तसे प्रश्न घरात शिरले. नगर जिल्ह्यात ख्रिस्ती झालेल्यांत महार-मांग समाजातील लोक अधिक होते, काही थोडे ब्राह्मणही. मिशनचा दंडक जात सोडण्याचा होता आणि त्याचा कस प्रभुभोजनाला लागे, कारण तेथे सर्वांनी एकाच प्याल्यातून द्राक्षरस घ्यायचा असे. पंगतीचा विटाळ पिढ्यान्‌पिढ्या मानत आलेल्या माणसाला ही परीक्षा सोपी नव्हती.

दुसरा घरचा प्रश्न भक्तीच्या रूपाचा. तो सर्वांत जोरकसपणे मांडला नारायण वामन टिळकांनी. 1895 मध्ये ख्रिस्ती झालेल्या टिळकांकडे 1912 मध्ये ‘ज्ञानोदय’च्या मराठी विभागाचे संपादन आले. विलायती चालींवर बेतलेली भाषांतरित गायने त्यांना परकी वाटत. त्यांनी अभंग रचले, भजन-कीर्तनातून ख्रिस्तकथा सांगितली आणि ज्ञानेश्वर-तुकारामांच्या वाटेनेच आपण ख्रिस्तापर्यंत आलो, अशी भूमिका घेतली. 1917 मध्ये त्यांनी मिशनची नोकरी सोडली आणि ‘देवाचा दरबार’ स्थापन केला. बाप्तिस्मा न घेतलेल्या ख्रिस्तभक्तांनाही त्यात जागा होती. पंथांच्या भिंती जपणाऱ्यांना हे रुचणे शक्य नव्हते. ‘ज्ञानोदय’चे संपादक मात्र टिळकच राहिले, 1919 मध्ये त्यांचे निधन होईपर्यंत. त्यांचे ‘ख्रिस्तायन’ अपुरे राहिले होते. ते पत्नी लक्ष्मीबाईंनी पूर्ण केले.

याच सुमारास केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये पंडिता रमाबाई हिब्रू आणि ग्रीकवरून बायबल साध्या मराठीत आणत होत्या. रूढ भाषांतरातील संस्कृतप्रचुर भाषा आश्रमातल्या अल्पशिक्षित बायकांच्या डोक्यावरून जाते, ही त्यांची तक्रार होती. 1922 मध्ये त्या वारल्या; आश्रमाच्याच छापखान्यात तयार झालेले हे संपूर्ण बायबल 1924 मध्ये बाहेर पडले.