ट्रॅक्टरच्या बॅटरीचे प्रभारण

ट्रॅक्टरच्या बॅटरीचे प्रभारण म्हणजे ट्रॅक्टरमधील उतरलेल्या शिसे-आम्ल बॅटरीत बाहेरील चार्जरच्या साहाय्याने पुन्हा ऊर्जा साठवण्याची क्रिया होय. बोलीभाषेत यास 'बॅटरी चार्जिंगला लावणे' असे म्हणतात. अनेक ट्रॅक्टरांत बॅटरीची अग्रे सहज हाताशी येत नाहीत. अशा वेळी बॅटरी न काढता परिपथातील दुसऱ्या ठिकाणी चार्जर जोडता येतो.

बॅटरीचे स्थान

बॅटरी काही ट्रॅक्टरांत बॉनेटखाली, काहींत आसनाखाली, तर काहींत पायरीलगतच्या पेटीत बसवलेली असते. जागा अरुंद असल्यास चार्जरचा चिमटा धन अग्रावर लावताना शेजारच्या पत्र्याला टेकून लघुपरिपथ होण्याचा धोका असतो. प्रभारणाच्या अखेरीस बॅटरीतून हायड्रोजन व ऑक्सिजन वायू बाहेर पडतात. हवेतील हायड्रोजनचे प्रमाण सुमारे ४ टक्क्यांवर गेल्यास ठिणगीने स्फोट होऊन आम्ल उडू शकते.

पर्यायी जोडणी

बहुतेक आधुनिक ट्रॅक्टरांत बॅटरीचे ऋण अग्र सांगाड्याला जोडलेले असते, तर धन अग्रापासून निघालेली जाड केबल स्टार्टरच्या (बोलीभाषेत 'सेल्फ') सोलेनॉइडवरील एका बोल्टपर्यंत जाते. त्यामुळे चार्जरचा धन चिमटा या बोल्टला आणि ऋण चिमटा इंजिनाच्या किंवा सांगाड्याच्या रंग नसलेल्या, स्वच्छ धातूला लावता येतो. ऋण चिमट्याची जागा बॅटरी व इंधननळीपासून दूर असावी लागते.

सोलेनॉइडवर दोन मोठे बोल्ट असतात. त्यांपैकी दुसरा थेट स्टार्टरच्या मोटारीला जोडलेला असल्याने प्रभारणासाठी चालत नाही. चावी बंद असतानाही ज्या बोल्टवर व्होल्टमापक बॅटरीचा दाब दाखवतो, तोच योग्य बोल्ट होय. बॅटरीचा कट-ऑफ स्विच बंद असल्यास या मार्गाने विद्युतप्रवाह बॅटरीपर्यंत पोहोचत नाही.

वारंवार प्रभारण करावे लागत असल्यास बॅटरीच्या दोन्ही अग्रांना कायमस्वरूपी वायर जोडून तिचे टोक सोयीच्या जागी आणले जाते. धन वायरवर बॅटरीच्या शक्य तितक्या जवळ फ्यूज बसवतात.

जोडणीचा क्रम

ट्रॅक्टर न्यूट्रलमध्ये, हातब्रेक लावलेला व चावी काढलेली असताना, चार्जर बंद ठेवून प्रथम धन आणि नंतर ऋण चिमटा लावतात. त्यानंतरच चार्जर सुरू करतात. काढताना चार्जर बंद करून आधी ऋण व मग धन चिमटा काढला जातो.

हा क्रम ऋण अग्र सांगाड्याला जोडलेल्या ट्रॅक्टरांसाठी आहे. काही जुन्या ट्रॅक्टरांची रचना याच्या उलट असते. उदाहरणार्थ, अमेरिकेतील फोर्ड ८एन या ट्रॅक्टरात मूळची बॅटरी ६ व्होल्टची असून तिचे धन अग्र सांगाड्याला जोडलेले होते.

दाब व प्रवाह

१२ व्होल्टच्या बॅटरीत सहा घट असतात. पूर्ण प्रभारित बॅटरी विश्रांत अवस्थेत सुमारे १२.६ ते १२.७ व्होल्ट दाब दाखवते. सावकाश प्रभारणासाठी क्षमतेच्या सुमारे एक दशांश प्रवाह योग्य मानला जातो; म्हणजेच ८० अँपिअर-तास क्षमतेच्या बॅटरीस सुमारे ८ अँपिअर.

सुरक्षितता

सोलेनॉइडचे दोन मोठे बोल्ट पाना किंवा स्क्रू-ड्रायव्हरने एकमेकांस जोडले गेल्यास स्टार्टर फिरतो. न्यूट्रल असल्याशिवाय इंजिन सुरू होऊ न देणारी सुरक्षा यंत्रणा यात निरुपयोगी ठरते. ट्रॅक्टर गिअरमध्ये असल्यास तो जागेवरून निघून चाकाजवळ उभ्या व्यक्तीला चिरडू शकतो. यामुळे सोलेनॉइडजवळ काम करण्यापूर्वी गिअर तपासणे अत्यावश्यक मानले जाते. प्रभारण हवेशीर जागी करतात आणि जवळ विडी, सिगारेट किंवा उघडी ज्योत टाळतात. फुगलेल्या, तडा गेलेल्या अथवा गोठलेल्या बॅटरीचे प्रभारण करत नाहीत. आम्ल डोळ्यांत गेल्यास लगेच भरपूर स्वच्छ पाण्याने डोळे धुऊन वैद्यकीय उपचार घेणे आवश्यक असते.