बटाट्याचे संग्रहालय

राजेरजवाड्यांच्या तलवारी, ताम्रपट, नाणी यांची संग्रहालये आपल्या परिचयाची आहेत. परंतु बटाट्यासाठीही कोणी संग्रहालय उभारले आहे असे सांगितले, तर आपणांस हसू येईल. कॅनडातील प्रिन्स एडवर्ड आयलंड हा त्या देशाचा सर्वांत लहान प्रांत. बटाटा हे या बेटाचे मुख्य पीक. तेथील ओलिअरी या लहानशा गावात असे संग्रहालय आहे. दाराशीच १४ फूट उंचीचा बटाटा उभा आहे. आत शेतीची जुनी अवजारे आहेत आणि रोगट बटाट्यांचे नमुने चक्क चिमुकल्या शवपेट्यांत मांडलेले आहेत!

ही थट्टा खरी. पण तिच्यामागे एका राष्ट्राचा आकांत आहे. बटाटा मूळचा दक्षिण अमेरिकेतील अँडीज पर्वताचा. तेथील शेतकऱ्यांनी हजारो वर्षे खपून त्याचे असंख्य वाण जोपासले. सोळाव्या शतकात स्पॅनिश लोकांनी तो युरोपात नेला. आपला 'बटाटा' हा शब्दही पोर्तुगीजांकडूनच आला.

आयर्लंडमधील गरीब कुळांच्या वाट्याला जमिनीचा एवढासा तुकडा येई. तेवढ्यात कुटुंबाचे पोट भरणारे पीक एकच, बटाटा. आणि त्यातही बहुतेकांनी 'लंपर' हा एकच वाण धरला. बटाटा लावतात तो कंदापासून; म्हणून एका वाणाची सारी रोपे गुणांनी एकसारखी आणि दुबळेपणातही एकसारखी. १८४५ साली करपा आला आणि शेतेच्या शेते कुजली. १८५२ पर्यंत सुमारे १० लाख माणसे मेली आणि त्याहून अधिक देशोधडीला लागली. याच काळात आयर्लंडच्या बंदरांतून धान्य बाहेर जात होते, हे विसरून चालणार नाही. रोगाने पीक मारले. माणसे मारली ती दारिद्र्याने आणि राज्यकर्त्यांच्या बेपर्वाईने.

पेरूची राजधानी लिमा येथे १९७१ साली आंतरराष्ट्रीय बटाटा केंद्र स्थापन झाले. तेथे आज हजारो वाण जतन केलेले आहेत. उद्या नवा रोग आला, तर त्याला तोंड देणारा गुण यांपैकीच एखाद्या वाणात सापडेल. आपल्याकडेही ज्वारी-भाताचे किती गावठी वाण आजीच्या आठवणीपुरते उरले आहेत! शवपेटीत ठेवण्याची वेळ येण्यापूर्वी बियाणे मडक्यात राखणे, हेच शहाणपणाचे.