शहरातली सावली

खानदेशच्या उन्हाची ओळख भगिनींना करून द्यावयास नको. मे महिन्यात जळगाव-धुळ्याचा पारा ४५ अंशांच्या घरात जातो, तेव्हा सावलीचे मोल कळते. ही सावली पूर्वी कोणी राखली आणि पुढे कोणी राखावी, याचा थोडा विचार मी येथे मांडीत आहे.

धुळे हे आखून वसविलेले शहर आहे. १८१८ साली खानदेश इंग्रजांकडे गेल्यावर कॅप्टन जॉन ब्रिग्ज याने जुन्या धुळ्याच्या दक्षिणेस नवी पेठ मांडली आणि व्यापारी व कारागीर यांना तेथे वसावयास बोलाविले. आजही धुळेकर पत्ता सांगताना गल्लीचा नंबर सांगतात. जळगाव वाढले ते रेल्वे आणि कापसाच्या व्यापारामुळे. पेठ वाढते तेव्हा दुकानाची जागा हाताने मोजली जाते. झाडाची जागा मात्र कोणी मोजीत नाही.

आपल्या जुन्या गावांत ती मोजलेली असे. वडा-पिंपळाभोवती पार बांधीत. पारावर पंचायत बसे, वाटसरू टेकत, लेकीबाळी पूजेला येत. झाड सर्वांच्या उपयोगाचे, म्हणून त्यावर कुऱ्हाड घालण्याची कोणाची छाती होत नसे.

पाण्याचेही तसेच. पांझरेकाठची फड पद्धत कित्येक शतकांची. नदीला बंधारा, त्यातून पाट, आणि पाटाखालच्या जमिनीचे फड. एका फडात एकच पीक. पाणी पाटकऱ्याने क्रमाने द्यावयाचे. पाटाची दुरुस्ती सर्वांनी मिळून करावयाची. १८८४ साली सरकारी नोकरीत शिरलेल्या तरुण विश्वेश्वरय्यांनी पांझरेच्या एका पाटासाठी नळाचा सायफन बांधला. इंजिनियरची विद्या पाण्याला वाट देते. पण पाणी वाटून घेणे हे गावाचेच काम.

दूरच्या केनिया देशातही हेच दिसले. तेथील महिला परिषदेच्या कार्यातून वांगारी माथाई यांनी १९७७ साली वृक्षारोपणाची चळवळ सुरू केली. खेड्यांतल्या बायका रोपे वाढवीत, आणि जे रोप जगेल त्याचेच थोडे पैसे त्यांना मिळत. मोजणी लावलेल्या रोपांची नव्हे, जगलेल्यांची! २००४ साली माथाईंना शांततेचे नोबेल पारितोषिक मिळाले.

आपल्याकडे १९७५ च्या वृक्ष संरक्षण कायद्याने शहरांत वृक्ष प्राधिकरणे नेमण्याची, झाडांची गणना करण्याची व तोडीपूर्वी परवानगी घेण्याची सोय केली. जळगाव व धुळे येथे २००३ साली महानगरपालिका झाल्या. कायदा आहे, पण श्रावणात समारंभाने लावलेल्या रोपाचा वैशाखात पुष्कळदा नुसता पिंजराच उरतो. कारण त्या रोपाला पाटकरी नसतो.

म्हणून माझी मंडळाला विनंती आहे. प्रत्येक गल्लीने आपली झाडे मोजावी. फडाच्या पाळीप्रमाणे घरोघर पाणी घालण्याचे वार ठरवावे. भाज्या धुतलेले पाणीही चालेल. मोकळी जागा असेल तेथे कडुनिंब लावावा आणि झाड मोठे झाल्यावर त्याला लहानसा पार बांधावा. मुळांभोवती माती मात्र मोकळी ठेवावी. वटपौर्णिमेला बाजारातून फांदी न आणता उभ्या वडाकडे जावे. पुढील वर्षीच्या अहवालात किती रोपे लावली हा आकडा नसला तरी चालेल. उन्हाळा काढून किती जगली, तेवढा मात्र अवश्य असावा.