रिकाम्या पटावरील पहिला खडा



बुद्धिबळाचा डाव सुरू होतो तेव्हा दोन्ही सैन्ये आपापल्या जागी सज्ज असतात. चीनमध्ये जन्मलेल्या आणि जपानमध्ये शास्त्ररूप पावलेल्या ‘गो’ या खेळाचे तसे नाही. एकोणीस उभ्या व एकोणीस आडव्या रेषा, त्यांचे ३६१ छेदबिंदू, आणि पट संपूर्ण रिकामा. पहिला खडा कोठे ठेवावा, या प्रश्नाचे शास्त्र म्हणजे ‘फुसेकी’, अर्थात प्रारंभीची मांडणी.

परंपरेचे उत्तर स्पष्ट होते : आधी कोपरे, मग कडा, शेवटी मध्य. कोपऱ्यात दोन कडांचा आयता आधार असल्याने थोड्या खड्यांत प्रदेश वेढता येतो. पहिला खडा तिसऱ्या व चौथ्या रेषांच्या छेदावर ठेवायचा आणि दुसऱ्याने कोपरा बंदिस्त करायचा, ही जुनी रीत. होनिन्बो घराण्यातील शूसाकू याने १८४९ ते १८६१ या काळात राजदरबारच्या सामन्यांत सलग १९ विजय मिळवून या मांडणीला जणू प्रमाणग्रंथाची प्रतिष्ठा दिली.

१९३३ मध्ये कितानी मिनोरू आणि चीनमधून आलेला तरुण गो सेइगेन यांनी या प्रमाणालाच प्रश्न विचारला. कोपरा बंद करण्यास दोन खडे लागतात. चौथ्या रेषांच्या छेदावरील एकच खडा ठेवून पुढे का जाऊ नये? कोपरा थोडा उघडा राहील, परंतु वेग आणि मध्यावरील प्रभाव हाती येईल. हीच ‘शिन् फुसेकी’, नवी मांडणी.

त्याच वर्षी १६ ऑक्टोबरला एकोणीस वर्षांचा गो सेइगेन होनिन्बो शूसाई या वयोवृद्ध आचार्यांसमोर बसला. त्याचा पहिला खडा तिसऱ्या रेषांच्या छेदावर पडला. होनिन्बो घराण्यात ती खेळी निषिद्ध मानली जाई. दुसरा समोरच्या कोपऱ्यात, चौथ्या रेषांच्या छेदावर, आणि तिसरा थेट पटाच्या केंद्रबिंदूवर! डाव तहकूब करण्याचा अधिकार, तत्कालीन प्रथेनुसार, आचार्यांकडे होता. २९ जानेवारी १९३४ रोजी डाव संपला, तेव्हा शूसाई दोन गुणांनी विजयी झाले होते.

मग परंपरा खरी ठरली काय? एका डावाच्या निकालावरून असा निर्णय देणे इतिहासाला मान्य नाही. पराभूताची ती मांडणी विस्मृतीत गेली नाही. चौथ्या रेषांच्या छेदावरील खडा आज नित्याची खेळी आहे. उलट, नवमताचा पुरस्कर्ता कितानी पुढे स्वतःच प्रदेश राखणाऱ्या सावध खेळाकडे वळला. नव्याने जुन्याला हुसकावले नाही. त्याचे क्षेत्र वाढवले. २०१६ मध्ये ली सेडोलला ४–१ असे हरवणाऱ्या ‘अल्फागो’ या संगणकप्रणालीनेही रूढ संकेत पुन्हा तपासायला लावले.

विद्यालयाच्या या व्यासपीठावरून मला अधिक मोलाची वाटते ती किताणींची पाठशाळा. त्यांनी आपल्या घरी अनेक शिष्य ठेवून घडवले. त्यांतील ताकेमिया मासाकी मध्यभागाच्या विशाल मांडणीसाठी गाजला, तर चो चिकुन कडेकोपऱ्यातील प्रदेश चिवटपणे राखण्यासाठी. एकाच गुरूच्या छायेत दोन विरुद्ध वृत्ती वाढल्या. गुरूने शिष्यास जुनी मांडणी नीट शिकवावी. पण रिकाम्या पटावरील पहिला खडा मात्र शिष्याला स्वतःच्या हाताने ठेवू द्यावा.