खंदक असताना आतला तट कशाला?

नांदेड जिल्ह्यातला कंधार आणि लातूर जिल्ह्यातला औसा हे मराठवाड्यातले दोन प्रसिद्ध भुईकोट. सपाट जमिनीवरच्या किल्ल्याला डोंगरकड्याचा आधार नसतो. म्हणून बाहेर खंदक, मग तट आणि त्याच्या आत आणखी एक तट. बाहेरची फळी फुटली तरी सगळा किल्ला एकदम पडू नये, हा त्यामागचा विचार. संगणकांच्या बाबतीतही हा प्रश्न नेहमी विचारला जातो : घरात किंवा शाळेत राऊटर असताना संगणकात वेगळी सॉफ्टवेअर फायरवॉल कशासाठी?

गंमत अशी, की राऊटरमधली आडकाठी मुळात संरक्षणासाठी निर्माण झालीच नाही. इंटरनेटचे मूळ पत्ते ३२ बिटांचे, म्हणजे एकूण सुमारे ४२९ कोटी. ते अपुरे पडणार हे दिसू लागल्यावर १९९४ मध्ये एक युक्ती मांडली गेली. अनेक संगणकांनी मिळून बाहेर एकच पत्ता वापरायचा. कोणत्या संगणकाने बाहेर काय मागितले याची नोंद राऊटर ठेवतो आणि उत्तर आले, की त्याच संगणकाकडे पाठवतो. न मागता आलेल्या संदेशाची नोंदच नसते, त्यामुळे तो बाहेरच राहतो. संरक्षण हा या युक्तीचा आनुषंगिक लाभ होता.

भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट १५ ऑगस्ट १९९५ रोजी सुरू झाले. तेव्हा घरोघरी टेलिफोनवरून जोडणी होत असे. मध्ये राऊटर नसे. ऑगस्ट २००३ मध्ये ‘ब्लास्टर’ नावाचा वर्म जगभर पसरला. त्याला कोणी फाईल उघडण्याचीही गरज नव्हती. संगणक इंटरनेटला जोडलेला असणे पुरेसे होते. विंडोज एक्सपीमध्ये फायरवॉल होती, पण मुळात बंद ठेवलेली. ऑगस्ट २००४ च्या सुधारित आवृत्तीत ती आपोआप चालू झाली. जानेवारी २००५ मध्ये बीएसएनएलची ब्रॉडबँड सेवा आली आणि पुढे घरोघरी राऊटर दिसू लागले. आता आतल्या फायरवॉलचे काम संपले, असे अनेकांना वाटले.

ते संपले नव्हते. नोव्हेंबर २००८ मध्ये आलेला ‘कॉन्फिकर’ पेन ड्राइव्हमधूनही पसरत असे. पेन ड्राइव्ह खिशातून येतो, राऊटरमधून नव्हे. जून २०१७ मध्ये ‘नॉटपेट्या’ हा प्रोग्रॅम युक्रेनमधल्या एका हिशेबाच्या सॉफ्टवेअरच्या अधिकृत सुधारणेतून शिरला, म्हणजे विश्वासाच्या दारातूनच. आत आल्यावर तो एका संगणकावरून दुसऱ्यावर गेला. मर्स्क या जहाज कंपनीला सुमारे ४५,००० संगणक नव्याने उभे करावे लागले. मुंबईजवळच्या जवाहरलाल नेहरू बंदरातले या समूहाचे टर्मिनलही ठप्प झाले.

राऊटर बाहेर आणि आत यांच्या सीमेवर उभा असतो. आतल्या आत, एका संगणकाकडून दुसऱ्याकडे जाणारी वाहतूक तो सहसा अडवत नाही. शिवाय बाहेर जाणाऱ्या मागणीमागे कोणता प्रोग्रॅम आहे, हे त्याला कळत नाही. संगणकातली फायरवॉल ते ओळखू शकते. शेजारच्या संगणकाकडून आलेली अनावश्यक मागणीही ती नाकारते. पेन ड्राइव्हमधला विषाणू ती पकडणार नाही. पण तो एका यंत्रावरून साऱ्या प्रयोगशाळेत पसरण्याच्या बऱ्याच वाटा बंद करील.

शाळेत हे महत्त्वाचे आहे. कार्यालयातला गुणपत्रकांचा संगणक आणि मुले हाताळतात ते संगणक बहुधा एकाच राऊटरवर असतात. तेव्हा प्रत्येक संगणकाची फायरवॉल चालू आहे ना, हे विद्यार्थ्यांकडूनच तपासून घ्या. सॉफ्टवेअर अद्ययावत ठेवा आणि महत्त्वाच्या नोंदींची एक प्रत संगणकापासून वेगळी काढून ठेवा. आतला तटही कधी फुटतोच. तेव्हा हीच प्रत उपयोगी पडते.